चौथ्या धड्याची गळती

अभ्यासक्रम सुरू व्हायला अजून अठ्ठावीस दिवस होते आणि चौथ्या धड्यावर तीनशे अकरा बायका गळून पडल्या होत्या.

खऱ्या बायका नव्हेत. खऱ्या बायका आपापल्या गावी भाकरी थापत होत्या, शेळ्या राखत होत्या, जून महिना लागायची वाट बघत होत्या. गळल्या होत्या त्या त्यांच्या सावल्या.

हेमलता गवारे विद्यापीठाच्या दूरशिक्षण विभागात समन्वयक होती. ‘प्रौढ अक्षर’ हा फोनवरून शिकायचा चाळीस धड्यांचा अभ्यासक्रम तिनं दीड वर्ष खपून उभा केला होता. धडे तिचे, स्वाध्याय तिचे, कोणत्या धड्याला बाईचा आवाज आणि कोणत्याला बुवाचा, हेही तिनंच ठरवलेलं. दूरशिक्षणात सगळी मेहनत आधी करून ठेवावी लागते. वर्गातल्या मास्तरांना समोरचे चेहरे दिसतात. कुणी जांभई दिली तर ते धडा वाटेत वळवतात. इथं धडा एकदा सुटला की सुटला. कुणाला समजलं नाही हे आपल्याला समजेपर्यंत शिकणारा उठून गेलेला असतो. विभागाच्या मागच्या अभ्यासक्रमात शंभरातले एकसष्ट असे उठून गेले होते.

त्यावर उतारा म्हणून सावली आली. अर्ज करणाऱ्यानं जवळच्या संपर्क केंद्रात जाऊन दोन तास यंत्रापुढं बसायचं. यंत्र त्याच्याशी गप्पा मारतं, थोडी अक्षरं शिकवतं आणि त्या अक्षरांचे दहा शब्द वाचायला देतं. माणूस किती थांबतो, कुठं अडतो, चुकल्यावर हसतो की गप्प बसतो, सगळं टिपून घेतं. त्या टिपणांवरून त्या माणसाच्या शिकण्याची एक नक्कल तयार होते. ती त्याच्याच आवाजात बोलते आणि त्याच्यासारखीच कंटाळते. मग नऊ हजार अर्जदारांच्या नऊ हजार सावल्यांना चाळीसच्या चाळीस धडे शिकवून बघायचे. माणसाला ज्याला वर्ष लागेल ते सावलीचं चहा निवेपर्यंत आटोपतं. सावल्या जिथं गळतील तिथं धडा कच्चा आहे असं समजून तो दुरुस्त करायचा. मूळ हेतू एवढाच होता, आणि तो चांगला होता.

पण धडा दुरुस्त करण्यापेक्षा माणूस वगळणं सोपं जातं. यंदा गळती शंभरात दहाच्या वर गेली तर विभागाला कुलूप, असं वरून कळवण्यात आलं. तेव्हा हेमलतानंच आराखड्यात कलम घातलं : ज्याची सावली तीनदा गळेल त्याला प्रवेश नाही. त्याच्या खालचं कलमही तिचंच. नकार कळवायचा तो सावलीच्या तोंडून, म्हणजे अर्जदाराला त्याच्या स्वतःच्या आवाजात.

“माणूस साहेबाशी भांडतो,” ती बैठकीत म्हणाली होती, “स्वतःशी भांडत नाही.”

सगळ्यांना ते पटलं होतं. संचालक निरगुडे सरांनी तर ते वाक्य लिहून घेतलं होतं.

त्या सकाळी तिसरी फेरी संपली आणि गळालेल्यांची यादी तिच्या पडद्यावर आली. ती वरून खाली डोळे फिरवत होती. एका नावावर डोळे अडले.

सोजर दगडू गवारे. वय अठ्ठावन्न. मुक्काम पानवाडी. गळती : धडा चौथा, तिन्ही वेळा.

तिची आई.

आईनं अर्ज केल्याचं तिला ठाऊकच नव्हतं. मागच्या दिवाळीत एवढंच कानावर आलं होतं की शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या बायकांसाठी नवा नियम आलाय. जूनपासून चुलीपुढं राहायचं तर ‘प्रौढ अक्षर’मध्ये नाव पाहिजे. “तू शिकणार का गं?” तिनं विचारलं, तर आई म्हणाली होती, “ह्या वयात? गप बस.” आणि लेकीला न सांगता ती संपर्क केंद्रात जाऊन बसली होती.

हेमलतानं त्या नावावर बोट ठेवलं.

“कोण हाय?” आईच्या आवाजात सावलीनं विचारलं. “बोला की बाई.”

सावलीला लेक ओळखू येत नव्हती. तिला फक्त शिकता येत होतं. हेमलतानं दहा शब्द लावले. सावलीनं ‘गवत’ वाचलं, ‘माळ’ वाचलं, ‘नदी’ वाचलं. प्रत्येक वेळी किंचित थांबून, पण नीट. मग पडद्यावर ‘दगड’ आला. सावली जास्त वेळ थांबली.

“धोंडा,” ती म्हणाली.

हेमलताला हसू फुटलं. दगडू हे तिच्या वडिलांचं नाव. त्यांचं लग्न झाल्यापासून आईच्या तोंडी दगड हा शब्द नव्हता. ती धोंड्यावर कपडे आपटायची, चिडली की “डोस्क्यात धोंडा घालीन” म्हणायची, आणि शेजारच्या दगडवाडीला धोंडेवाडी. एकदा एक पाहुणा त्यापायी दुपारभर रस्ता चुकला होता. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, ही आईची समजूत. नावाच्या जवळपासचा शब्दसुद्धा ती वाटेला लावायची.

आणि मग तिचं हसू ओसरलं. पुढं चित्र नव्हतं. नुसती तीन अक्षरं होती. ती वाचता आली नसती, तर टाळता कशी आली असती? आईनं तो शब्द पहिल्या फटक्यात वाचला होता. वाचला म्हणूनच गिळला होता. यंत्राला एवढंच दिसलं की अक्षरं एक आणि आवाज दुसराच. त्यानं नोंद केली : अक्षर आणि ध्वनी यांची सांगड बसत नाही, अंदाजानं बोलते. त्या एका नोंदीवर अख्खी सावली बेतली गेली. ती बिचारी पुढच्या प्रत्येक धड्यात अंदाजानं बोलत राहिली, चुकत राहिली आणि चौथ्या धड्यावर खचून उठून गेली. आईचं मौन यंत्रानं हुबेहूब उचललं होतं. त्यामागचं कारण मात्र त्यानं कुणाला विचारलं नव्हतं.

शब्दांची यादी हेमलतानंच केली होती. शाळेत पाटीवर तिनं पहिल्यांदा वडिलांचं नाव लिहिलं होतं, त्या आठवणीनं तिनं ‘दगड’ घातला होता.

तिनं बाकीच्या तीनशे दहा जणी काढल्या. सोनबाची बायको ‘सोनं’ला ‘पिवळं’ म्हणाली होती. वाघोजीची बायको ‘वाघ’ला ‘जनावर’. तुळशीरामची बायको ‘तुळस’ शब्दापुढं दोन मिनिटं गप्प बसली होती आणि मग “अंगणातली” म्हणाली होती. एकूण एक जणीला वाचता येत होतं.

निरगुडे सरांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. ते स्वतः उठून दार लावून आले.

“म्हणजे यंत्र चुकलं.”

“आपण चुकलो, सर. या बायकांचे नमुने पुन्हा घ्यावे लागतील, त्यांना न अडवणारे शब्द देऊन.”

“गावोगाव फिरून. किती दिवस?”

“दीड महिना.”

“म्हणजे जून गेला. यादी सगळ्यांची एकदमच लागते; जून गेला म्हणजे बाकीच्या साडेआठ हजारांवर जणांचंही नाव वेळेत लागत नाही. त्यातल्या निम्म्या पोषण आहारवाल्या आहेत, गवारेबाई. तीनशेंसाठी तुम्ही किती जणींच्या चुली विझवणार?”

हेमलतानं भिंतीवरच्या दिनदर्शिकेचं जूनचं पान उलटून पाहिलं.

“आणि कलम तुमचंच आहे,” ते म्हणाले. मग आवाज उतरवून पुढं म्हणाले, “तुमची आई आहे ना त्यात? मी नाव पाहिलं. बिघाडासाठी म्हणून समन्वयकाला एक फेरनमुना घेता येतो. एकच. यादी सहाला बंद होते. पानवाडी इथून तासाभरावर. जाऊन या. जाण्याआधी एवढी सही करा.”

कागदावर एकच ओळ होती : चाचणीत दोष आढळला नाही.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. हेमलतानं सही केली.

ती पोहोचली तेव्हा पानवाडीच्या शाळेत मुलांची जेवणं उरकून गेली होती. आहाराच्या खोलीत तिची आई सोजराबाई आणि कौसाबाई हिवाळे दोघी मिळून मोठं पातेलं घासत होत्या. या दोघी तेवीस वर्षं एका चुलीपुढं होत्या. कौसाबाईला बोलायला विषय लागत नसे.

“आली गं तुझी प्रोफेसरीण!” ती ओरडली. “बस पोरी. खिचडी हाय, संगट वली मिरची हाय.”

“ओली कसली, मावशी? हिरवी म्हण की.”

कौसाबाई तोंडाला पदर लावून हसायला लागली. सोजराबाई म्हणाली, “तिच्या मालकाचं नाव हिरामण हाय, इसरलीस का? ती कशी म्हणंल?”

“त्या मशीननं बी मला तेच लिवून दाखवलं की,” कौसाबाई म्हणाली. “ते... ते अंगठीत असतंय, चमकतंय, ते. म्या म्हणलं खडा. मशीनला काय कळतंय?”

हेमलताला एकदम आठवलं. यादीत आईच्या नावाखाली चार ओळी सोडून ‘कौसाबाई हिरामण हिवाळे’ होती. तिनं ते सकाळी वाचलं होतं आणि पुढं गेली होती.

ती घाईनं आईला म्हणाली, “माय, तुझ्या वाचण्याची एक तपासणी राहिलीय. आत्ता करून टाकू. दहाच शब्द.”

“तुला कळलं व्हय अर्जाचं?” सोजराबाई लाजली. “म्हणलं नाव लागलं की सांगावं. न्हाई लागलं तर कशाला डांगोरा.”

“नाव लागेल. पण ‘दगड’ला दगडच म्हणायचं. धोंडा चालणार नाही.”

सोजराबाईचा हात पातेल्यावर थांबला.

“त्ये न्हाई व्हायचं.”

“माय, तो एक शब्द आहे. बाबांचं नाव नाही.”

“तोंडात आलं की आलं. आजवर घेतलं न्हाई, आता म्हातारपणी घेऊ? त्यांना गेल्या साली छातीत दुखलंया.”

“आगं म्हण की!” कौसाबाई म्हणाली. “म्या म्हणते बघ. दगडू! दगडू! मेला का? पारावर बसून तंबाखू मळत असंल.”

“तू म्हणल्यानं काय हुतंय? तुजा नवरा हाय व्हय त्यो?”

“मग उखाण्यात घे. उखाण्यात चालतंय.”

“यंत्राला उखाणा कळत नाही,” हेमलता म्हणाली. तिनं घड्याळ पाहिलं. पाच वाजून गेले होते. “माय, सहानंतर काही करता येणार नाही. नाव लागलं नाही तर जूनपासून ही चूल दुसऱ्या कुणाची. तुला फळ्यावर ‘आजचं जेवण’ स्वतः लिहायचं होतं ना?”

सोजराबाईनं फळ्याकडं पाहिलं. त्यावर सकाळी मास्तरांनी लिहिलेलं तिला अर्धंमुर्धं लागत होतं. मग ती म्हणाली, “आन् कौसाचं? हिनं बी खडा म्हणलंय.”

हेमलतानं आवाज सपाट ठेवला. “तिचं नाव यादीत आहे.”

ते खोटं नव्हतं. यादी कोणती, एवढंच ती बोलली नव्हती.

हेमलतानं तपासणीसाठी आणलेला टॅब घेऊन सोजराबाई पाण्याच्या टाकीमागं गेली. “हिकडं बघू नका,” म्हणाली. नऊ शब्दांचा आवाज आला, एकामागून एक, ठणठणीत. मग काही नाही. टाकीच्या तोटीतून थेंब पडत होते तेवढे ऐकू येत होते.

“दगड,” सोजराबाई म्हणाली.

ती बाहेर आली तेव्हा तिचं तोंड एखादं भांडं फुटल्यावर होतं तसं झालं होतं. पहिल्यांदा तिनं फोन मागितला आणि नवऱ्याला लावला.

“काय गं? काय हाय?” पलीकडून दगडूबापू खेकसले. “मी मेलो का बघतीस व्हय? येताना तंबाखू आण.”

“जित्ता हाय,” सोजराबाई म्हणाली, आणि मग मात्र ती कौसाबाईच्या खांद्यावर डोकं टेकून हसली. कौसाबाईनं टाळ्या पिटल्या. सहाला दहा मिनिटं असताना आईची नवी सावली चाळीस धडे पार करून गेली. एकाही धड्यावर ती अडली नाही.

त्यानंतरचे दिवस तयारीतच गेले. धड्यांचे आवाज शेवटचे तपासले गेले, स्वाध्यायपुस्तिका छापून केंद्रांवर रवाना झाल्या, मदतीच्या फोनवर बसणाऱ्या मुलींना काय बोलायचं ते लिहून दिलं गेलं. सुरुवातीच्या चार दिवस आधी, सकाळी दहा वाजता, नकाराचे निरोप सुटले. हेमलता पडद्यासमोर बसून होती. तीनशे दहा निरोप पोहोचले. तक्रार एकही आली नाही. निरगुडे सरांनी येऊन तिचं अभिनंदन केलं.

अकरा वाजता आईचा फोन आला.

“कौसाच्या फोनवर कौसाच बोलली.” सोजराबाईचा आवाज कोरडा होता. “म्हणाली, मला ह्ये जमायचं न्हाई, चौथ्या धड्याला म्या सोडून दिलं, कुणाला बोल लावू नगंस. तिचाच आवाज. तू म्हणली व्हतीस तिचं नाव यादीत हाय.”

“होतं, माय.”

“कंच्या यादीत?”

हेमलतानं सगळं सांगितलं. एकच फेरनमुना, सही, तीनशे दहा. सांगताना तिला वाटलं, आई मध्येच शिव्या देईल. आईनं सगळं ऐकून घेतलं.

“आता खरं बाहेर आलं तर चाचणीच रद्द होईल,” हेमलता शेवटी म्हणाली. “तुझं नावही जाईल. सगळ्यांचंच जाईल.”

“म्या तिला सांगितलं, आगं मशीन हाय त्यी,” सोजराबाई म्हणाली. “ती म्हणती, मशीनला माझं मन कुठनं कळणार? माझंच मन बोललं असंल. ती रडना बी. तू ये. शिकलेली हायस, तुझं ती ऐकंल. तिच्या तोंडाकडं बघून सांग काय सांगायचं ते.” आणि फोन ठेवला.

गाडी चालवताना हेमलतानं खोटं घोकून ठेवलं. यंत्र फार बारकाईनं बघतं, मावशी. आम्ही तीनदा तपासलं. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज कर. तीन वाक्यं, प्रश्नाला जागा न ठेवणारी. असली वाक्यं लिहिणं हेच तर तिचं काम होतं.

आहाराच्या खोलीत कौसाबाई आपलं सामान वेगळं काढत होती. घरून आणलेला मोठा डाव, बसायचा पाट, मसाल्याचा डबा. ती डबा पुसत होती. पुसून झालेला पुन्हा पुसत होती. सोजराबाई चुलीपाशी पाठ करून बसली होती.

“ये पोरी,” कौसाबाई म्हणाली. आज ती हळू बोलत होती. “बरं झालं आलीस. सोजर म्हणती मशीन चुकली. माझं मन म्हणतंय म्याच चुकले. त्या दिवशी केंद्रात मला वाटलं हुतं बग, येतंय आपल्याला. अक्षर बघितलं की आतून आवाज यायचा. पण तसं समद्यांनाच वाटत असंल.” तिनं डबा खाली ठेवला. “तू समोर हायस म्हणून इचारते. खरं सांग. मला जमलं असतं का?”

घोकलेली तीन वाक्यं हेमलताच्या जिभेवर होती. पण अक्षर बघितलं की आतून आवाज यायचा, हे असं कुणी तिला दीड वर्षात सांगितलं नव्हतं. चाळीस धड्यांतल्या एकाही धड्यात ते आलं नव्हतं. तिला एकदम वाटलं की जाऊ दे. विभाग जाऊ दे, सही जाऊ दे, आईचंही नाव जाऊ दे. आईनं तर खरं सांगायलाच बोलावलं होतं.

“मावशी,” ती म्हणाली, “खरं सांगते. ते यंत्र तुझं—”

“हेमे.”

सोजराबाई उठून उभी राहिली होती. तिच्या हातात ओलं फडकं होतं. तिनं लेकीकडं पाहिलं नाही. फळ्याकडं पाहिलं, चुलीकडं पाहिलं, मग कौसाबाईसमोर येऊन बसली आणि तिचा हात आपल्या हातात घेतला.

“तिला कशाला इचारतीस? म्या सांगते. नसतं जमलं तुला, कौसा. चौथा धडा म्या ऐकलाय. लई अवघड हाय त्यो.”

चौथा धडा अजून एकाही शिकणाऱ्यानं ऐकला नव्हता. अभ्यासक्रम येत्या सोमवारी सुरू होणार होता आणि तो धडा त्यानंतर तीन आठवड्यांनी सुटायचा होता.

हेमलताचं उघडलेलं तोंड तसंच राहिलं. बाहेर मैदानावर कुणी मास्तर खुर्च्या ओढत होते.

कौसाबाईनं मैत्रिणीच्या तोंडाकडं नीट बघून घेतलं. तेवीस वर्षांत सोजर तिच्याशी कधी खोटं बोलली नव्हती. मग तिचे खांदे सैल झाले, कपाळावरची आठी गेली.

“मग बरं झालं बाई, आधीच कळलं,” ती म्हणाली, आणि डाव उचलून तिनं सोजराबाईच्या पुढ्यात ठेवला.